तात्यांचं वेळापत्रक

त्या शनिवारी रजनी सकाळी साडेसहाला उठली आणि पांढरीपांड्यांच्या घरात कोणी कोणाशी बोलेनासं झालं.

चौतिसावा दिवस होता. आणखी सहा दिवस निभले असते तर चाळीस भरले असते आणि तिच्या थोरल्या काकांनी, नानाजींनी, कबूल केल्याप्रमाणे नागपूरच्या चित्रकला शाळेच्या फॉर्मवर सही केली असती. चैत्र संपता संपता त्यांनी अट घातली होती : "चाळीस दिवस तात्यांचं वेळापत्रक पाळून दाखव. एकही दिवस चुकता कामा नये. तात्यांचं रक्त अंगात असेल तर जड जाणार नाही." नानाजी सब-रजिस्ट्रार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी तोंडी दिलेला शब्दही दस्त नोंदवल्यासारखा असायचा, आणि तो मोडला तर मोडल्याची नोंदही तितकीच पक्की.

अनंतरावांनी लेकीला उठवायला हवं होतं. उन्हाळा म्हणून सगळे अंगणात बाजा टाकून झोपलेले. चारला नानाजी उठले, खाकरले, विहिरीवर गेले. सव्वाचारला अनंतराव जागे झाले. शेजारच्या बाजेवर रजनी तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. चौतीस दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिला हलवावं म्हणून त्यांनी दोनदा हात पुढे केला आणि दोन्ही वेळा मागे घेतला. का, ते त्यांना धड सांगता आलं नसतं. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात अशा किती तरी गोष्टी त्यांना धड सांगता आल्या नव्हत्या.

वेळापत्रक बैठकीच्या खोलीत, दाराच्या बरोबर समोर, काचेच्या चौकटीत होतं. तात्यांच्या टपोऱ्या अक्षरात. पहाटे चार, उठणे. सव्वाचार, गार पाण्याने स्नान. पाच ते अकरा, काम. जेवताना बोलणे नाही. दुपारी झोप नाही. चहा वर्ज्य. आठ वाजता दिवा मालवणे. आणि सगळ्यात खाली : विनोद, रविवारी, पाऊण तास.

तात्या म्हणजे मधुसूदन पांढरीपांडे, नानाजी आणि अनंतरावांचे वडील. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. त्यांच्या जंगलाच्या पडद्यावर पाखरं येऊन आपटायची, असं जुनी माणसं सांगत. वर्षातले आठ महिने ते कंपनीबरोबर बाहेरगावी असायचे आणि अठरा सालच्या तापात गेले. तेव्हा नानाजी वीस वर्षांचे, अनंता तेरा. तात्यांच्या ट्रंकेत हा कागद सापडला. नानाजींनी तो चौकटीत घातला, धाकट्या भावाला समोर उभं केलं आणि म्हणाले, "तात्या मोठे कशामुळे झाले, ते यात आहे." तेव्हापासून त्रेचाळीस वर्षं हे घर त्या कागदावर चाललं होतं. रविवारी जेवणं झाली की नानाजी मासिकातून कापून ठेवलेले विनोद गंभीर आवाजात वाचून दाखवायचे आणि घड्याळाकडे पाहत सगळे हसायचे.

अनंतरावांना ते कधीच जमलं नाही. चारला उठले तरी दहाला कोर्टातल्या रेकॉर्ड रूममध्ये डुलक्या घेत. दुपारच्या सुट्टीत चोरून चहा पीत. आपण आयुष्यात काही झालो नाही त्याचं कारण हेच, असं त्यांनी फार पूर्वी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दुपारी चारच्या सुमाराला बैलगाडी दाराशी थांबली. दारव्ह्याकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून धरमसिंग आला होता. तात्यांचे रंग घोटायला, रंगात मिसळायचा सरस शिजवायला विसाव्या वर्षी लागलेला हा पोऱ्या आता पासष्टीचा म्हातारा झाला होता. तात्यांच्या मागे कंपनी मोडली तेव्हा कोणाला नको असलेले दोन पडदे त्यानेच तांड्यावर नेले आणि इतकी वर्षं आढ्याला बांधून जपले. उद्या रविवारी गावातल्या वाचनालयात तात्यांचा गौरव होता. नानाजींचं भाषण होतं, विषय 'थोरांच्या सवयी'. धरमसिंग त्यासाठी एक पडदा घेऊन आला होता, लांबलचक बांबूवर गुंडाळलेला, वरून घोंगडी बांधलेली.

"रामराम नानाभाऊ! वयखलं का नाई?"

"न ओळखायला काय झालं. ये, सावलीत ये."

दोघांतिघांनी मिळून बांबू अंगणात उतरवला. "याडी वो!" असा आईच्या नावाने कण्हत धरमसिंग कमरेवर हात ठेवून ओट्यावर टेकला. "च्या भेटन का वयनी? बैलं हाकता हाकता तोंड सुकलं."

नानाजींच्या बायकोने, प्रभावतीबाईंनी, नवऱ्याकडे पाहिलं. नानाजी म्हणाले, "या घरात चहा होत नाही, धरमसिंग. तात्यांचा नियम."

"कोनाचा?"

"तात्यांचा."

"मास्तरचा?" धरमसिंग हसायला लागला. "मास्तर तं चरवीभर पेत व्हते!"

"बाहेरगावी, कंपनीत पीत असतील. तिथे इलाज नसतो. घरी नाही."

धरमसिंगने आणखी काही बोलायला तोंड उघडलं. अनंतराव घाईघाईने पुढे झाले. "धरमसिंग, आधी हातपाय धू. पाणी काढलंय." त्यांचा आवाज इतका चिरकला, की त्यांच्या बायकोने, रत्नप्रभाबाईंनी, ताकाचा पेला हातात धरूनच वळून पाहिलं.

अनंतरावांना काय ठाऊक होतं ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. बारा वर्षांपूर्वी तात्यांची तीच ट्रंक आवरताना तळाशी त्यांना एक वही मिळाली होती. त्यांनी ती एका बैठकीत वाचली, फडक्यात गुंडाळली आणि आपल्या पुस्तकांच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवली. तेव्हापासून त्या पेटीतलं एकही पुस्तक त्यांना शांतपणे वाचता आलं नव्हतं.

धरमसिंगचं ताक पिऊन होईपर्यंत नानाजी थांबले. मग फॉर्म मागवला. बाहेरच्या माणसासमोर बोलावं की नाही याचा त्यांनी विचार केला नाही. धरमसिंग तात्यांचा माणूस होता, म्हणजे घरचाच.

"रजनी, इकडे ये. आज किती वाजता उठलीस?"

"साडेसहा."

"कारण?"

"झोप लागली."

"दुसरं काही? बरं नव्हतं, डोकं दुखत होतं?"

"नाही नानाजी. झोपच लागली."

तिने बहाणा केला असता तर बरं झालं असतं, असं अनंतरावांना वाटून गेलं. आणि तिने तो केला नाही याचा अभिमानही वाटला.

"खरं बोललीस, हे चांगलं केलंस," नानाजी म्हणाले. त्यांना राग आलेला नव्हता. त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं आणि म्हणून सगळं अधिक अवघड झालं होतं. "पोरी, तुझा हात चांगला आहे. पण नुसत्या हातानं कोणी तात्या होत नाही. चित्रकलेच्या नावाखाली नागपुरात उडाणटप्पूपणा करणारे शेकडो आहेत. तू घरी राहा, बी. ए. कर."

"भावजी, सहाच दिवस राहिले होते," रत्नप्रभाबाई दाराआडून म्हणाल्या. "हवं तर चाळीसही पुन्हा करेल ती. फॉर्म मात्र पुढच्या शनिवारच्या टपालात पडायला पाहिजे."

"ठरलं ते ठरलं होतं ना, रत्ना?" प्रभावतीबाई म्हणाल्या. "मी छत्तीस वर्षं चारला उठून राहिली. पोटुशी होती तरी उठत होती. मले कोणी सूट दिली का?" बोलता बोलता त्यांची नजर रजनीच्या डोळ्यांखाली गेली आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळून टाकलं.

"नानाजी, मी एक सांगू?" रजनी म्हणाली.

"सांग."

"चौतीस दिवसांत माझं एकही चित्र झालं नाही. पाचला बसते, अकराला उठते. कागद कोराच राहतो. आधी होत होतं. आता हातच चालत नाही."

"मग हेच ते! शिस्तीत जे टिकत नाही, ती कला नसते. तो नाद असतो."

रजनीने मान खाली घातली. नानाजींनी फॉर्मची घडी घातली. एकदा, मग आणखी एकदा. दुसऱ्या घडीवर त्यांनी नखानं दाब दिला आणि त्या कागदाची करकर ऐकून अनंतराव उभे राहिले.

"नाना, थांबा."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. या घरात अनंतराव 'थांबा' म्हणाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ते आत गेले. पेटीतली पुस्तकं बाहेर काढल्याचा, जमिनीवर आदळल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हातात एक मळकी वही.

"ही नाटकाची नक्कल आहे. पडद्याआडून नटांना आठवण करून देणाऱ्याची. तात्यांच्या ट्रंकेत होती. ऐका." त्यांनी चष्मा लावला. वाचायचं म्हटलं की त्यांचा आवाज स्थिर व्हायचा. "'अंक दुसरा, प्रवेश पहिला. सासऱ्याचा दिवाणखाना. भिंतीवर चौकटीत वेळापत्रक. सासरा नव्या जावयाला ते मोठ्याने वाचून दाखवतो. पहाटे चार, उठणे. सव्वाचार, गार पाण्याने स्नान...'"

त्यांनी सगळं वाचलं. एकही ओळ वेगळी नव्हती.

"'विनोद, रविवारी, पाऊण तास,'" त्यांनी शेवटी वाचलं. "आणि पुढे कंसात आहे : 'हशा ओसरेपर्यंत थांबणे.'"

नानाजींनी वही हातात घेऊन पानं उलटली.

"हे अक्षर तात्यांचं नाही," नानाजी म्हणाले.

"नाही. ते त्या आठवण करून देणाऱ्याचं असेल."

"मग झालं तर. नाटकवाल्याने तात्यांच्या जगण्यावरून उचललं. थोर माणसांवरून नाटकं लिहितातच लोक. हलक्या माणसांना शिस्तीचं हसूच येतं."

असंही असू शकेल. बारा वर्षांत हा विचार अनंतरावांना कसा सुचला नव्हता? नानांना प्रत्येक वेळी उत्तर सापडायचं आणि आपल्याला प्रत्येक वेळी ते पटायचं. बालपणापासून असंच चालत आलं होतं.

"नानाभाऊ," धरमसिंग म्हणाला, "भांडून कायले राह्यले? थोच तं पडदा हाय हा. सासऱ्याच्या घराचा. खोलून पाहा."

बांबू ओट्याच्या कडेला लावून त्याने आणि रजनीने मिळून पडदा अंगणभर उलगडला. चाळीस वर्षांचा मांजरपाट. एका कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेला, काही ठिकाणी रंगाचे पोपडे गेलेले. पण दिवाणखाना होता तसाच समोर आला. लोड, तक्के, समया, आणि मधोमध भिंतीवर रंगवलेल्या चौकटीत, वीतभर अक्षरांत, घरातल्या चौकटीतला मजकूर जसाच्या तसा.

"मास्तरनं आधी लहान कागदावर काहाडून पाह्यला," धरमसिंग सांगत होता. "मंग पडद्यावर. मागच्या लोकायले दिसते का नाई म्हनून मले पार मांग उभं केलं. मले वाचता येत नाई तरी उभं केलं! लिवता लिवता सोताच हासत व्हते. म्हनत, धरम्या, या म्हाताऱ्याच्या घरात मी एक दिस टिकणार नाई. लोकं लय हासत त्या पाटीले. दर खेपी."

नानाजी पडद्याच्या कडेला उभे होते. ते वाकले, जवळून पाहिलं आणि सवयीने, त्यांच्या त्या गंभीर, प्रत्येक अक्षर नोंदवणाऱ्या आवाजात वाचू लागले. "पहाटे चार, उठणे. सव्वाचार..."

धरमसिंगचा जबडा खाली आला. "थोच आवाज," तो पुटपुटला. "अस्साच म्हने थो नट."

प्रभावतीबाईंनी पदर तोंडात कोंबला. उपयोग झाला नाही. आधी खांदे हलले, मग सबंध देह. छत्तीस वर्षांचं गार पाणी त्यांच्या तोंडातून हसू होऊन बाहेर पडत होतं आणि डोळ्यांतून पाणी होऊन. "हशा ओसरेपर्यंत थांबा हो," त्या कशाबशा म्हणाल्या. "आणि आज शनिवार आहे!"

आपण हसायचं की नाही, कोणालाच कळेना. नानाजी ओट्यावर बसले. एकाएकी ते त्रेसष्ट वर्षांचे दिसू लागले.

"अनंता, बारा वर्षं?"

"हो."

"काहून सांगितलं नाहीस?"

अनंतरावांनी चष्मा काढला. "तुम्हाला लागेल म्हणून. आणि..." हे दुसरं कारण त्यांनी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. "आणि ते खोटं ठरलं असतं तर माझं काय, नाना? मला हे वेळापत्रक पाळता आलं नाही म्हणून मी कोणी झालो नाही, एवढं एक कारण माझ्याजवळ होतं. तेही गेलं असतं. माझ्या भित्रेपणापायी पोरीचे चौतीस दिवस गेले."

रत्नप्रभाबाई दाराआडून बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या मागे उभ्या राहिल्या. भावजींसमोर त्या अशा कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

रजनीचं मात्र या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. ती पडद्याशेजारी गुडघे टेकून बसली होती, दिवाणखान्याच्या रंगवलेल्या खिडकीशी. खिडकीतून बाहेर एक पळस दिसत होता. बोटभर उंचीचा, नाटक पाहणाऱ्यांपैकी कोणाच्याही नजरेत भरला नसेल असा.

"ही मावळतीची वेळ आहे," ती म्हणाली. "सहाच्या सुमाराची. फुलांच्या खालच्या बाजूला उजेड आहे बघा, वर नाही. आणि मागचा माळ तापलेला आहे म्हणून खोडाची रेघ हलल्यासारखी काढलीय." तिने बोट हवेत धरून ती रेघ गिरवली. "एकदाच काढलीय. पुन्हा हात लावला नाही."

धरमसिंग तिच्याकडे पाहत राहिला. "पोरीले दिसते," तो म्हणाला. "लोहाऱ्याकडच्या माळावरचा झाड हाय थो. त्या झाडाखाली आमी तीन दिस बसून व्हतो. मी म्हनलो मास्तर, काहाडा न आता. म्हनत, थांब, पाहून राह्यलो. दुपारी झोपत, उठून पाहत, च्या पेत, पाहत. चौथ्या दिशी उठले अन् घटकाभरात झालं. अन् मनासारखं नाई झालं तं त्यावर चुना मारत, पुना कपडा पांढरा. मले वाईट वाटे, त्यायले नाई. अशी त्यायची रीत. घड्याळ तं कंपनीच्या मालकापाशी व्हतं."

नानाजी उठले, पुतणीशेजारी आले आणि खाली बसायला त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. चष्मा कपाळावर सारून त्यांनी खिडकीतला पळस पाहिला. दोन वेळा. मग रजनीचं हवेत राहिलेलं बोट पाहिलं.

"मला एवढं दिसलं नसतं," ते म्हणाले. "त्रेचाळीस वर्षं चारला उठूनही."

"नाना..." अनंतरावांनी सुरुवात केली.

"थांब अनंता. तू बोललास, आता मला बोलू दे." आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता, ताठ आणि स्वच्छ. "तात्या गेले तेव्हा घरात आई अंथरुणाला खिळलेली, तू पोर, आणि मी वीस वर्षांचा. कशाला धरून उभं राहायचं ते कळत नव्हतं. हा कागद मिळाला. तो धरला आणि उभा राहिलो. नोकरीत एक डाग नाही, घरात कोणी उपाशी झोपलं नाही. ते नाटकातलं असेल, लोक हसत असतील. पण पाळलं ते मी. म्हणजे ते आता तात्यांचं नाही, माझं आहे. मी उद्याही चारला उठणार."

"उठा," प्रभावतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी सहाला उठणार. आणि चहा करणार."

"कर."

"तुम्ही पिणार?"

"मी पिणार नाही. धरमसिंगला दे. आत्ताच दे, शेजारून पत्ती आण." त्यांनी क्षणभर विचार केला. "उद्या वाचनालयात मीच बोलणार. जसं घडलं तसं सांगणार. लोक हसतील. तात्यांनी ते लिहिलंच हसवायला होतं. मग त्यांना हसवणारा त्यांचाच मुलगा असला तर काय बिघडलं?"

रत्नप्रभाबाईंनी डोळ्यांनी नवऱ्याला फॉर्मकडे खुणावलं. पण अनंतरावांना मागावं लागलं नाही. नानाजींनी तो खिशातून काढला, मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केला. घड्यांच्या रेघा काही गेल्या नाहीत. टाक मागवला, दौत मागवली. मग टाक बुडवून ते थांबले.

या घरात प्रत्येक कागदावर नानाजींची सही असायची. अनंतरावांच्या लग्नाच्या याद्यांवर, रजनीच्या शाळेच्या दाखल्यावर, प्रगतिपुस्तकांवर. अनंतराव पगाराच्या पत्रकाखेरीज कुठे सही करत नसत आणि ते त्यांना कधी खटकलंही नव्हतं.

नानाजींनी टाक त्यांच्यापुढे धरला.

"इथे 'वडील' लिहिलंय," ते म्हणाले. "मी काका आहे."

अनंतरावांनी टाक घेतला. बुटकं टेबल आणायला कोणी तरी आत धावलं, पण ते थांबले नाहीत. ओट्यावर कागद ठेवून, गुडघ्यांवर बसून त्यांनी सही करायला सुरुवात केली. सवयीने 'अ. म. पां.' अशी पगारपत्रकावरची आखूड सही उमटू लागली.

"बाबा," रजनी त्यांच्या खांद्यावरून पाहत म्हणाली, "पूर्ण नाव पाहिजे."

"हो का? बरं." त्यांनी 'अ'च्या पुढचा ठिपका मोठा करून त्याचं अक्षर केलं आणि अजिबात घाई न करता, एकेक अक्षर पाहत, लिहीत गेले : अनंत मधुसूदन पांढरीपांडे.